आधी सही की आधी आशीर्वाद

"देवानं जोडल्याशिवाय तुम्ही सही करणार तरी कशावर?" फादरांनी विचारलं.

"आणि सरकारनं जोडल्याशिवाय तुम्ही आशीर्वाद देणार कोणाला?" नगराध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

नवरी दोघांच्या मधोमध उभी. हातातल्या फुलांनी माना टाकल्या होत्या. त्या गावात लग्नाला चर्चही लागायचं आणि सरकारही. एक जरी कमी पडलं तरी लग्न कच्चं. आजवर दोघं मिळूनमिसळून उरकत आले होते. पण गेल्या आठवड्यात नव्या पुलावर आधी प्रार्थना की आधी फीत, यावरून बिनसलं, आणि त्याचं उट्टं आज हिच्या लग्नात निघत होतं. दोघांचंही बरोबर होतं. आणि दोघांचं बरोबर असलं की तिसऱ्याचं नुकसान ठरलेलं.

नवरदेवाची बोट दुपारी सुटणार होती. पलीकडे नोकरी होती. आणि नवरीच्या बाबांनी बजावलं होतं, "लग्नाशिवाय बोटीत पाय ठेवलास, तर हे घर विसर."

"अहो, एकदमच करा की दोघं!" मागच्या बाकावरून आत्या ओरडली.

तेही करून पाहिलं. पण फादर एकेक शब्द चघळत बोलायचे, आणि नगराध्यक्षांची सही म्हणजे एक रेघ. रेघ आधी संपली. फादरांनी चिडून अर्धा आशीर्वाद मागे घेतला. नगराध्यक्षांनी सही खोडली.

धक्क्यावर भोंगा वाजला.

नवरीनं फुलं नवरदेवाच्या हातात कोंबली. "फादर, यांना वगळून लावाल लग्न?"

"यांच्याशिवाय? नाही."

"आणि साहेब, तुम्ही?"

"फादरांना सोडून? शक्यच नाही."

"असे भांडलात तरी?"

"मरेपर्यंत!" आज पहिल्यांदाच दोघं एका सुरात बोलले.

आत्याचा हात सवयीनं उठला. मूठभर पाकळ्या फादरांच्या टकलावर नि नगराध्यक्षांच्या खांद्यावर पडल्या. बाकांवरून टाळ्या झाल्या. ऑर्गनवाल्यानं लग्नाची धून धरली. का ते न कळता दोघंही जरासे लाजले.

नवरीनं एका हातानं झगा उचलला, दुसऱ्यानं नवरदेवाला धरलं आणि ती दाराकडे निघाली. बाबा आडवे आले.

"अगं, लग्न?"

"लागलं की, बघा ना," ती म्हणाली. "यांचा घटस्फोट झाला की कळवा, बाबा. मग येऊ आम्ही आमच्या लग्नाला."