ठकूची सुट्टी

सकाळचे दहा वाजले तरी छापखान्याच्या फाटकाला कुलूप होतं. समोर पिवळ्या पानांचा खच पडला होता आणि म्हातारा वॉचमन स्टुलावर बसून चहा फुंकत होता. प्रुफं तपासणाऱ्या बाई थबकल्या.

“आज कशा काय आलात बाई? सुट्टी आहे ना.”

“सुट्टी? कसली?”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. आजची तारीख लाल होती. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं : ठकूची सुट्टी.

त्या कॅलेंडरचं अक्षर न् अक्षर बाईंनीच तपासलं होतं. तेव्हा ही तारीख काळी होती. आणि ठकू हे त्यांच्या लेकीचं घरातलं नाव, इथे कुणाच्या कानावर कधी पडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी याच तारखेला ठकू तापाने गेली, तेव्हा बाई इथेच टेबलाशी बसल्या होत्या.

“कधीपासून आहे ही?” त्यांनी विचारलं.

“अहो, आमच्या आजीच्याही आधीपासून. तापाने फणफणलेली एक पोर आईला म्हणाली, आज सुट्टी घे ना. आईने घेतली नाही. म्हणून मग सगळ्या गावाने घेतली. आज एकही आई कामावर जात नाही.” त्याने चहाचा घोट घेतला. “ती एक सोडून. ती दरवर्षी आजच्या दिवशी कामावर येते म्हणे, आणि विचारते, सुट्टी कसली?”

म्हातारा बोलता बोलता थांबला. कप खाली ठेवून, बाईंकडे न बघता, त्याने फाटक उघडून दिलं.