जेवढे हात, तेवढे बटणावर

शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये मालन जगदाळे दहा वर्षांनी पुन्हा पत्रा कापायच्या प्रेससमोर बसली, आणि प्रेस चालूच होईना.

"दोन्ही हात दोन बटणांवर ठेवा," प्रेस म्हणाला. "सगळ्या प्रेसना हाच नियम आहे."

मालनला उजवा हात नव्हता. बाबर मिस्त्री तार घेऊन आले. "मालनताई, एक बटण तारेनं दाबून बांधून टाकू. पूर्वी बांधायचोच की."

"असंच बांधलं होतं, म्हणून तर माझा हात गेला, मिस्त्री!" ती प्रेसकडे वळली. "नियम कशापायी केलाय रे?"

हल्ली यंत्रांना नुसता आपला नियम सांगून सुटता येत नसे. विचारलं की त्याच्या वरचा, सगळ्या यंत्रांचा मूळ नियमही सांगावाच लागे.

"चालत्या यंत्रात कुणाचा हात जाऊ नये," प्रेस म्हणाला.

"मला हात एकच. तो बटणावर असला, तर आत घालायला दुसरा आणू कुठनं?"

प्रेसनं तिचा प्रश्न नियम करणाऱ्या मंडळाकडे धाडला.

"आता बसा वर्षभर वाट बघत," मिस्त्री म्हणाले.

चहा यायच्या आत उत्तर आलं. "नियम बदलला," प्रेस म्हणाला. "कामगाराचे जेवढे हात, तेवढे बटणावर. जवळ दुसरं कुणी नको. आतापासून देशातल्या सगळ्या प्रेसना हाच नियम."

"मिस्त्री, ती तार द्या इकडं आणि मागं सरा."

मालननं तार साच्याखाली ठेवली, हात बाहेर घेतला आणि डावा पंजा बटणावर दाबला.

धाडकन तारेचे दोन तुकडे झाले.