अर्धी गोधडी

वंदना झाली, बौद्धाचार्य चहा घेऊन निघाले, आणि लछमनदास सेठ बोलायला उभे राहिले. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना. गोजरबाई तिथून गोधड्या-पिशव्या शिवायला कापडाचे तुकडे न्यायची. ती गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला ते खास तिच्या गावी, खरवईला आले होते.

"ही बाई पहिल्यांदा आली तेव्हा बोलली, सेठ, ये चिंधी फेको मत, मैं ले जाती हूँ. मी म्हटलं, ले जा, मेरा झाडू बचेगा. पुढं काही महिन्यांनी माझी बायको बाजारातून एक फर्स्टक्लास पिशवी घेऊन आली. मी रोज तिच्यातून डबा न्यायला लागलो. एक दिवस गोजरबाईनं ती पिशवी बघितली आणि हळूच विचारलं, सेठ, अपना माल पहचाना क्या?"

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले, पण खांदे हलायचे थांबेनात.

"स्कूटरचं सांग की," मागून कुणी म्हणालं. गोजरबाईबरोबर पहिल्यापासून गोधड्या शिवणारी सुंदराबाई बसल्या जागेवरूनच सांगू लागली. "पन्नाशी उलटल्यावर शिकली बया. पहिल्याच दिवशी गोधड्यांच्या गठ्ठ्यासकट शेणाच्या ढिगात गेली. समोरच्या घरातली बाई धावत आली, हिला उठवलं, धुतलं, चहा पाजला. ही निघाली ती त्या बाईकडनं दोन गोधड्यांची ऑर्डर घेऊनच."

आता हसू आवरायचं कुणी नाव घेईना. गोजरबाईची लेक संजीवनीही हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. तिचा भाऊ राजू तेवढा दाराशी गप्प उभा होता. त्याच्या पाठीमागे आईची शिवणाची खोली. ती गेली त्या दिवशी त्यानंच कुलूप लावलं होतं.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. एक तरुण मांडवात शिरला. "गोजरबाईंचं घर हेच ना? मी कैलास, गोधडी न्यायला अंबरनाथवरून आलो. फोन लागत नाही त्यांचा." मग त्याला हार घातलेला फोटो दिसला. तो तसाच मागं सरकला. "सॉरी. मला माहीत नव्हतं. येतो मी."

"थांब," संजीवनी म्हणाली. "काय दिलं होतंस शिवायला?"

"राहू दे, ताई. आजीची लुगडी होती. मुलगी झालीय मला. उद्या बारसं आहे, गोधडी पाळण्यात घालायची होती. पण राहू दे."

सुंदराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हिरवं आणि जांभळं लुगडं? अर्धी झालीय ती. आतच आहे."

सगळ्यांनी राजूकडं पाहिलं.

"आज नको," तो म्हणाला. "आज आईचा दिवस आहे."

"म्हणूनच," संजीवनी म्हणाली आणि हात पुढं केला.

राजूनं खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

गोधडी फोटोसमोरच्या सतरंजीवर पसरली. गोजरबाईची सुई अजून कापडात टोचलेली होती, दोरा तसाच लोंबत होता. सुंदराबाईनं ती सुई उचलली आणि तिथूनच टाका घातला. बाकीच्या बायका पदर खोचून चारी बाजूंनी बसल्या. संजीवनीला शिवता येत नव्हतं. तिचा धावदोरा वाकडातिकडा जात होता. सुंदराबाईनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुझी आईपण आधी असंच शिवायची." लछमनदास चष्मा कपाळावर चढवून सुयांत दोरे ओवू लागले. त्यांचे निम्मे दोरे सुईत जाईनात. बायकांनी त्यावरून त्यांना चिडवायचं सोडलं नाही.

कैलासच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. त्याची बायको अस्मिता. "किती उशीर? आणि एवढं कोण हसतंय? लग्नात घुसलायस का कुणाच्या?"

कैलासनं पांढऱ्या साड्यांकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं. सुंदराबाईनं त्याच्या हातून फोन घेतला.

"गोजरबाईचं पुण्यानुमोदन आहे, बाळा."

पलीकडं अस्मितानं लेकीला जवळ ओढलं.

"तू घाबरू नकोस गं. लेक दाखव आम्हाला."

फोन हातोहात फिरला. इवलीशी मूठ वळून झोपलेली पोर प्रत्येकीनं पाहिली, काजळ लावा म्हणून सांगितलं, नाक कुणावर गेलंय यावर वाद घातला. संजीवनीनं फोन मांडवाबाहेर नेऊन राजूसमोर धरला. त्यानं पाहिलं आणि पाठोपाठ आत आला.

ऊन उतरू लागलं होतं. कैलास सारखा घड्याळ बघत होता. सुंदराबाईनं गोधडीवरून हात फिरवला आणि कात्री मागितली. "इथवर झालीय. एवढ्याशा जिवाला पुष्कळ झाली. उरलेलं कापून काठ मारते, म्हणजे हा मोकळा."

राजू बायकांच्या मध्ये मांडी घालून बसला. त्यानं कात्री उचलून बाजूला ठेवली आणि सेठकडून एक ओवलेली सुई घेतली.

"कापू नका, मावशी," तो म्हणाला. "पोर मोठी होणारच आहे."