कोपर खाली

जर्मनीत, ऱ्हाईनला मिळणाऱ्या आमच्या नदीच्या काठी म्हातारे ब्रांट मला सॅमन माशासाठी गळ फेकायला शिकवत होते. तीन महिने झाले तरी मी गवतावरच उभी. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकर.

“कोपर खाली,” ते एवढंच म्हणायचे.

शेवटी वैतागून विचारलं, “तुम्ही स्वतः सॅमन पकडलेत तरी किती?”

“नॉर्वेत पुष्कळ. इथे एकही नाही. माझ्या लहानपणीच संपले. तीस वर्षं आम्ही पिल्लं सोडतोय. आता थोडे परत येतात, पण धरायला बंदी आहे.”

“मग मी कशाला शिकतेय?”

“बंदी उठेल तेव्हा मी नसेन. शिकवायला कोणीतरी हवं.”

पुढच्या रविवारी मी माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, अन्वीला, गवतावर उभं केलं. तिच्या काठीला लाल लोकर बांधली आणि म्हणाले, “कोपर खाली.”