नावाचा पेला

"सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही ना, मावशी?" नर्सनं विचारलं.

"न्हाई," सगुणाबाई म्हणाली. स्टीलचा पेला मात्र तिनं पिशवीतून काढून मांडीवर ठेवला होता. तपासणी झाली की पहिलं पाणी याच पेल्यानं प्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. गेल्या साली नवऱ्यानं, वैजनाथनं, कंधारच्या बाजारातून ताट, वाटी, पेला आणला होता, तेही तिचं नाव घालून. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं हौसेनं कधी बांगड्या भरल्या नव्हत्या. सगुणाबाईनं तो पेला गल्लीभर मिरवला. "माझ्या ताटाला कुनी हात लावायचा न्हाई, असं बजावलंय त्यांनी," हेही शेजारणींना सांगून आली.

लातूरच्या त्या दवाखान्यात नवं मशीन आलं होतं. डॉक्टर मृण्मयी दोघां नवरा-बायकोला समजावून सांगत होती. "गुंगी दिली की रोबोची बारीक नळी तोंडातून फुफ्फुसात जाते, पार कडेपर्यंत. तिथला कणभर तुकडा घेऊन येते. कॅन्सर आहे की नाही, ते त्यावरून कळतं. चिरफाड काही नाही."

"मान्साचा हात न्हाई लागत?"

"हात माझाच. मीच बसून चालवते ती."

सगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. खोकल्यानं तिला तीन महिने झोप नव्हती.

डॉक्टरनं कॉम्प्युटरमध्ये वैजनाथचा फोन नंबर टाकला आणि ती थबकली. पडद्यावर एकाला एक लागून छातीचे दोन फोटो आले.

"काका, मागच्या वर्षी कंधारला आमचं शिबिर झालं, तेव्हाचा मावशींचा हा एक्स-रे. हा डाग तेव्हा हरभऱ्याएवढा होता. तुम्हाला मेसेज केला होता, दोनदा फोनही केला. बायको माहेरी गेलीय, असं तुम्ही सांगितल्याची नोंद आहे."

सगुणाबाईच्या माहेरच्या घराला कुलूप लागून दहा वर्षं झाली होती.

"आन् आता केवढा हाय?" तिनं विचारलं.

"बोराएवढा. तुकडा आल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, मावशी. पण हरभऱ्याएवढा असतानाच गाठावा, म्हणून तर हे मशीन."

सगुणाबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी तर म्हनलात, समदं साफ हाय."

वैजनाथनं मान खाली घातली. "मला टीबी वाटला. लेकीची, राजकन्याची सोयरीक चालू होती. मायला टीबी हाय म्हनल्यावर पोरीला कोन करून घेतंय?"

"लगीन होऊन सात म्हैने झाले."



"टीबीची तपासणी झालीय, तो नाही," डॉक्टर म्हणाली. "आणि कॅन्सर असला तरी तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवलात तरी नाही."

ताट म्हटल्याबरोबर सगुणाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नावाचं ताट, नावाची वाटी. लई उकडून राहिलं म्हणत ऐन थंडीत अंगणात गेलेली त्याची बाज. त्यानं आपल्याला घरातल्या घरात वाळीत टाकलं होतं, आणि आपण ते गल्लीभर मिरवत होतो. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग त्याच्यानंतर आला.

नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. सगुणाबाई तिच्यात बसली. मग बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून तिनं पेला वैजनाथपुढं धरला.

"घ्या. घसा सुकलाय तुमचा."

"राहू दे. तुझा हाय त्यो."

"डॉक्टरीनबाई काय म्हनल्या, ऐकलं की तुमी. प्या."

नर्स खुर्ची ढकलायची थांबली. डॉक्टरही बघत होती. वैजनाथनं पेला घेतला. अंगठा नेमका नावावर आला. मग त्यानं मान मागं टाकली, आ वासला आणि ओठ न लावता सगळं पाणी वरूनच घशात ओतलं.