वाक्यात उपयोग

"यूसफुल म्हणजे उपयोगी. कामाला येणारं," धाकटी म्हणाली. "करा बघू वाक्य, आई."

सासूबाई इंग्रजी शिकत होत्या. लेकीच्या परदेशातल्या मुलाशी फोनवर चार शब्द बोलता यावेत, म्हणून धाकट्या सुनेने रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू केली होती. नियम एकच. नवा शब्द आला की घरातल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून वाक्य करायचं. बादली यूसफुल. सुरी यूसफुल. शिडी यूसफुल. दर वाक्याला दोघी अशा खिदळत होत्या, जशा काही बालमैत्रिणीच!

थोरली ओट्याशी भांडी घासत होती. तिचा नुसता जळफळाट चालला होता. लग्न होऊन वर्ष झालं नाही, तोवर ही बया सासूबाईंच्या गळ्यातला ताईत होऊन बसली. सासूबाईंचं पथ्य, गोळ्या, गुडघ्यांना तेल, सगळं थोरलीकडे. आणि त्यांचं हसणं तेवढं धाकटीच्या वाट्याला. थोरलीने कढई जरा जास्तच जोरात आपटली.

आवाजाने सासूबाईंनी मान वळवली. बोटही वळलं.

"माय थोरली सून इज यूसफुल. व्हेरी व्हेरी यूसफुल!" त्यांनी शाबासकीसाठी धाकटीकडे पाहिलं. "बरोबर ना? हिच्यावाचून पान हलत नाही माझं."

धाकटी ओशाळली. "बरोबर आहे, आई. पण माणसाला असं म्हटलं की... जरा कसंतरी वाटतं."

"का? खोटं आहे का?"

थोरलीने पदराला हात पुसले. "आणि धाकटीला काय म्हणाल, आई?"

सासूबाई विचारात पडल्या. मग धाकटीच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हिचा कसला आलाय उपयोग! ही आपली नुसती बसते जवळ."

दोघी पुन्हा हसत सुटल्या.

थोरलीने नळ बंद केला. कढई अर्धी घासलेली तशीच टाकून ती टेबलाशी आली, खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या दुसऱ्या बाजूला बसली.

हसणं थांबलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"काय गं," त्यांनी काळजीने विचारलं, "काही काम होतं का?"