चौदा लिटर

चांद्रवस्तीतलं पाणी शुद्ध करणारं यंत्र फुटलं आणि त्याच्या वाफेने फिटर जनार्दन तांडेल अर्ध्या अंगाने भाजला. यंत्र दुरुस्त व्हायला तीन दिवस लागणार होते. डॉक्टर नलिनी खोतांना मात्र त्याच्यासाठी एका दिवसात चौदा लिटर सलाइन हवं होतं, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांतच.

"भाजली ती कातडी. मग एवढं पाणी कशाला?" त्याच्या बायकोने, हेमलताने विचारलं.

"आतल्या रक्तवाहिन्या पाझरतायत. रक्तातलं पाणी आटलं की मूत्रपिंडं बंद पडतात."

बातमी पसरली तशी माणसं आपापल्या वाट्याचं पिण्याचं पाणी दवाखान्यात ठेवून गेली. नलिनीने त्याचं सलाइन करून घेतलं. लघवीची पिशवी कोरडी होती, तोवर तिने धार वाढवत नेली. सहाव्या तासात पिशवीत साठ मिली लघवी जमली, तेव्हा तिने धार कमी केली.

हेमलता घाबरली. "कमी का करताय? पाणी आहे ना अजून?"

"जास्त झालं तर फुप्फुसांत साचेल. त्यांना पुरेसं मिळतंय, हेमाताई. तुम्ही सकाळपासून घोटभरही प्यायला नाहीत."

हेमलताने पाण्याचे दोन घोट घेतले आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.